कादंबरीत गाण्याचे शब्द आहेत, चाल नाही, मग ताल काढायचा कुठून?

आधी तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात सांगतो. एका कादंबरीचं अभिवाचन बसवायचंय. त्यात एक बाई रात्री नावेत बसून गाणं म्हणते. लेखकाने गाण्याचे शब्द दिलेत पण चाल, राग, ताल कशाचा पत्ता नाही, "ती गुणगुणू लागली" एवढंच वाक्य आहे. वाचताना लय आहे असं जाणवतं, पण गायला गेलं की ती निसटते. आणि दुसरा भाग असा की शेवटच्या प्रकरणात, काठावरचं घर रिकामं झाल्यावर, तेच गाणं परत येतं तेव्हा एक ओळ तोकडी आहे, ती छपाईची चूक समजून भरून काढायची का?

मी बरीच वर्षं नाटकांना आणि अभिवाचनांना चाली लावतोय, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे. आणि त्यावर माझं पहिलं सांगणं नेहमी एकच असतं की पेटी उघडू नका. चाल आधी शोधायला बसलात की डोक्यातलं कुठलं तरी ऐकलेलं गाणं पुढे येतं आणि ते शब्दांना फरफटत नेतं, मग जिथे बसत नाही तिथे आपण शब्द ताणतो, गिळतो, आणि शेवटी म्हणतो की लेखकाला गाणं लिहिता येत नव्हतं. बऱ्याचदा त्याला येत असतं. ताल शब्दांच्या लांबीतच असतो, तो आधी मोजून बाहेर काढायचा, सूर नंतर. आणि मोजताना जिथे आकडा चुकतो ना, ती जागा सगळ्यात महत्त्वाची. तिथे खूण करून ठेवा, शेवटी त्याच जागांवर परत यायचंय.

कादंबरीतल्या ओळी मी इथे उतरवत नाही. त्याच साच्यात मात्रेला मात्रा जुळेल अशा दोन ओळी मी स्वतः जुळवल्यात, काव्य म्हणून त्यांच्याकडे बघू नका, हिशोबासाठी आहेत:

पाणी काळे, रात्र सावळी, नाव एकटी वळते गं
दूर तिथे त्या काठावरती वात दिव्याची जळते गं

मोजायची रीत शाळेत शिकलेलीच आहे. ऱ्हस्व अक्षर लघु, त्याची १ मात्रा, दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या २. ऱ्हस्व अक्षरावर पुढच्या जोडाक्षराचा आघात येत असेल तर तेही गुरू. आता "पाणी काळे" म्हणजे ४ आणि ४, झाल्या ८. "रात्र सावळी" ३ आणि ५, परत ८. "नाव एकटी" ३ आणि ५, परत ८. "वळते गं" ४ आणि २, म्हणजे ६. दुसरी ओळ: "दूर तिथे त्या" ३, ३, २ म्हणजे ८. "काठावरती" एकच शब्द, ८. "वात दिव्याची" ८, "जळते गं" ६. दोन्ही ओळी ८, ८, ८, ६. हे योगायोगाने होत नाही. ज्याने हे लिहिलं त्याच्या कानात आठ मात्रांचं आवर्तन, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा फेरा, फिरत होतं, त्याला मात्रावृत्त वगैरे माहीत असो नसो. आणि शेवटच्या गटात ज्या २ मात्रा कमी पडतात त्या चूक नाहीत, तो श्वास आहे, तिथे गाणारा थांबतो आणि पुढच्या ओळीची हवा घेतो. ३० मात्रा शब्दांच्या आणि २ रिकाम्या, मिळून ३२, म्हणजे आठाची चार आवर्तनं पूर्ण.

इथे "दिव्याची" या शब्दाशी जरा थांबतो कारण नव्वद टक्के लोक इथेच घसरतात (टक्के मी हवेत फेकलेत, पण घसरतात खरं). जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू हा नियम पाठ असतो, म्हणून "दि"च्या २ मात्रा धरतात आणि गट ९ चा होतो, मग गोंधळ. पण मराठीत सगळी जोडाक्षरं मागच्या अक्षरावर आपटत नाहीत. "दिव्य" म्हणून बघा, "दि" वर जोर येतो. आता "दिव्याची वात" म्हणा, तिथे "दि" पटकन सुटतो, आघात नाही. तसंच तुझ्या, उद्या, पुन्हा, तिच्या. म्हणजे नियम डोळ्यांनी लावायचा नाही, कानांनी लावायचा. शंका आली की तो शब्द साध्या बोलण्याच्या वाक्यात टाकून मोठ्याने म्हणायचा, उत्तर मिळतं.

मोजणी झाली की टाळी. आठ मात्रांत पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर हात मारायचा, म्हणजे ४ अधिक ४. सूर अजिबात नाही, नुसतं बोलायचं. इथे एक फार छान गोष्ट दिसते बघा. "पाणी काळे" मध्ये पाचवी मात्रा "का" वर येते, सरळ. पण "रात्र सावळी" मध्ये "सा" चौथ्या मात्रेवर सुरू होतो आणि पाचवीवरून वाहत पुढे जातो, म्हणजे टाळी पडते तेव्हा नवीन अक्षर नाही, आधीचाच स्वर चालू आहे. "नाव एकटी" मध्ये तेच, "ए" टाळीच्या आधी सुरू होतो. ओळ डुलते. आणि दुसऱ्या ओळीत? "दूर ति" पुढे "थे" बरोबर पाचवीवर, "काठा" पुढे "व" पाचवीवर, "वात दि" पुढे "व्या" पाचवीवर, सगळं टाळीवर नेमकं. म्हणजे पाणी आणि नाव असलेली ओळ हलतेय आणि काठाची ओळ स्थिर आहे! तुमच्या मूळ ओळींतही हे तसंच आहे, वहीत आखून बघा. लेखकाने हे ठरवून केलं असेल असा माझा दावा नाही, कान चांगला असला की अशा गोष्टी आपोआप होतात. पण चाल लावताना तुम्ही जर पहिल्या ओळीतही प्रत्येक टाळीवर अक्षर बसवायला गेलात, म्हणजे "नाऽव" ४ मात्रांचं करून "एकटी" ४ मध्ये कोंबलंत, तर ते डुलणं मेलं. तुम्हाला गाताना "निसटतंय" असं जे वाटत होतं ते बहुतेक हेच.

आता ताल कुठला. आठ मात्रा म्हटलं की लगेच केरवा, धा गे ना ती न क धि न, आणि तो बसेलही. पण आठ मात्रांत धुमाळी आहे, भजनी ठेका आहे, आणि हेच शब्द निम्म्या वेगाने सोळा मात्रांच्या तीनतालातही बसतील. मोजणी तुम्हाला आवर्तन सांगते, ठेका आणि वेग सांगत नाही. ते प्रसंग सांगतो. म्हणून गाण्याच्या आधीची आणि नंतरची दोन-दोन पानं पेन्सिल घेऊन वाचायची आणि गाणाऱ्याचं शरीर काय करतंय ते शोधायचं. ती वल्हवतेय का नुसती बसलीय? दुसरा कोणी वल्हवतोय का? मांडीवर मूल आहे का? कोणी झोपलंय का, म्हणजे आवाज दाबून गाणं आहे का? कामाची गाणी कामाच्या हालचालीवर चालतात, जातं ओढताना, वल्हवताना, ओझं उचलताना जोर जिथे लागतो तिथे सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येते, उलटं होत नाही. ती स्वतः वल्हवत असेल तर दर आठ मात्रांना एक वल्हं धरा. सावकाश वल्हवताना एका फेऱ्याला तीन सेकंद लागतात असं धरलं तर एक ओळ बारा सेकंदांची होते, दोन ओळी चोवीस. मग बघा की कादंबरीत गाणं चालू असताना काय काय घडतं, पलीकडचा माणूस उठतो, कंदील विझवतो, काही बोलतो, ते तेवढ्या वेळात मावतंय का. मावत नसेल तर वेग चुकलाय किंवा ती कडवं परत म्हणतेय, लेखक ध्रुवपद एकदाच छापतो, गाणारा थोडाच एकदा म्हणतो.

छोटे शब्दही बघायचे. "गं", "रे", "हो", "जी" हे भरीचे शब्द लोक फालतू समजून गाळतात. गाळू नका. "वळते गं" मधला "गं" काढला तर ४ मात्रा उरतात आणि मागे ४ रिकाम्या, ओळ धाडकन पडते. शिवाय त्या "गं" मुळेच कळतं की ती कुणा बाईला उद्देशून गातेय. नावेत दुसरी बाई नसेल तर मग कोणाला? हा तालाचा प्रश्न नाही पण गाणाऱ्या मुलीला विचारून ठेवा, आवाजात फरक पडतो.

सगळीच गाणी इतकी शहाणी नसतात. मी स्वतः कसा तोंडावर आपटलो ते सांगतो. एका नाटकासाठी कादंबरीतलं अंगाईगीत होतं, साचा साधारण असा (ओळी परत माझ्याच):

झोप बाळा, झोप आता, रात झाली केवढी
चांदण्याची शाल घे रे, पांघरूनी तेवढी

अंगाई म्हणजे पाळणा, पाळणा म्हणजे झोका, झोका म्हणजे दादरा, सहा मात्रा, असं मी न मोजताच ठरवून टाकलं आणि चाल लावून मोकळा. चाल गोड होती हो, मला फार आवडली होती. पण गाणारी नटी दर वेळी "झोप बाळ" म्हणायची, "बाळा" नाही. मी दर वेळी सुधारायचो, ती दर वेळी तेच करायची, तिसऱ्या तालमीला मी चिडलो आणि मग घरी येऊन पहिल्यांदा मोजलं. "झोप" ३, "बाळा" ४, म्हणजे ७. "झोप आता" ७. "रात झाली" ७. "केवढी" ५ आणि २ रिकाम्या. खालची ओळही हुबेहूब ७, ७, ७, ५. गझल लिहिणारे तर बघताक्षणी गालगागा गालगागा गालगागा गालगा (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघु) ओळखतील. सहाच्या खणात सात मात्रा भरायच्या म्हणजे एक कुठेतरी कापावी लागणार, ती बिचारी नकळत "बाळा" ची एक मात्रा कापत होती, तिचा कान बरोबर होता आणि माझी चाल चूक होती. मग रूपक घेतला, तीं तीं ना, धी ना, धी ना, ३ अधिक २ अधिक २. "झोप" तीनात, "बा" दोनात, "ळा" दोनात, जणू मापच घेऊन शिवलंय. आणि गंमत म्हणजे रूपकात सम "खाली"वर, म्हणजे टाळी न देता मोकळ्या सोडायच्या जागी, येते, वजन हलकं पडतं, झोपवायच्या गाण्याला ते दादऱ्यापेक्षा जास्त शोभलं.

तेव्हापासून गाणं कुठल्या प्रकारचं आहे यावरून ताल ठरवणं मी बंद केलं. अंगाई सातात असू शकते, कूच करायचं गाणं सहात असू शकतं. सहाचं ऐकायचं असेल तर "उंच उंच डोंगरात वाट लाल जाते" असं काहीतरी म्हणून बघा, ३-३, ६, ३-३, ४, हा दादरा, आणि त्यावर दर तीन मात्रांना एक पाऊल टाकत मस्त चालता येतं.

अजून एक जागा जिथे ही मात्रांची मोजणी साफ फसते. कादंबरीत एखादा म्हातारा अभंग म्हणतो किंवा लेखकाने अभंगाच्या धर्तीवर काही रचलेलं असतं:

काय मागू देवा, तुझ्या दारी आता
हात रिता होता, रिता राहो

मात्रा मोजा: ११, ११, १०, ७. काही ताळमेळ नाही. आता अक्षरं मोजा: ६, ६, ६, ४. लगेच बसलं. हा अक्षरछंद आहे, मोठ्या अभंगाचा साचा, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक, इथे "आता" आणि "होता". इथे लघु-गुरू भेद मानायचाच नाही, प्रत्येक अक्षर सारख्याच लांबीचं म्हणायचं, "तुझ्या" मधला "तु" ही लांब आणि "झ्या" ही तेवढाच. भजनी ठेक्यात एक अक्षर एका मात्रेला टाका: सहा अक्षरं आणि दोन मात्रा सूर लांबवायचा, असं तीनदा, मग चार अक्षरं आणि चार मात्रा लांबवायचं. परत आठाची चार आवर्तनं. त्यामुळे माझी सवय अशी आहे की कुठल्याही ओळीखाली दोन आकडे लिहायचे, मात्रांचा आणि अक्षरांचा, आणि ओळीमागून ओळी कुठला आकडा परत येतोय ते बघायचं. जो परत येतो तो खरा. ओवी असेल तर मात्र यातलं काहीच नीट जुळणार नाही, ग्रांथिक ओवीत अक्षरसंख्या सैल असते, तीन चरण यमकाचे आणि चौथा आखूड, तिथे चरण मोजायचे आणि शेवटच्या आखूड चरणावर थांबायचं, बाकी पाण्यासारखं सोडून द्यायचं.

समेआधी सुरू होणारी ओळ हा नवशिक्यांचा अजून एक घोळ. समजा गाणं आहे "कुणाच्या कुशीला कुणाचे उसासे". लगागा लगागा लगागा लगागा, भुजंगप्रयात, पाच-पाच मात्रांचे चार गट, वीस मात्रा. पाच म्हटल्यावर झपताल आठवायला हवा, दहा मात्रा, २-३-२-३. पण "कु" समेवर ठेवून गाऊन बघा, लंगडतं. कारण इथे लघु अक्षरावर सम टेकत नाही, पाय घसरतो. "कु" समेच्या आधी सोडून द्या, उठावाला, आणि सम "णा" वर घ्या. आता काय होतं बघा: "णा" २, "च्या कु" ३, "शी" २, "ला कु" ३. झपतालाचे खण आपोआप भरले. शेवटचा "से" २ मात्रांचा आणि एक मात्रा उरते ती पुढच्या ओळीच्या पहिल्या लघूची. म्हणजे ओळी एकमेकींना कडी घालत जातात. छापील ओळ जिथे सुरू होते तिथेच आवर्तन सुरू होतं असं अजिबात नाही, ओळ ही छापणाऱ्याची सोय आहे.

छपाईवरून आठवलं. जुनी कादंबरी असेल तर अनुस्वारांना फसू नका. "हंसते" असं छापलेलं असतं पण उच्चार "हसते", म्हणजे "हं" गुरू नाही, लघुच. "नांव", "कांही" यांत तर प्रश्नच नाही, अक्षर आधीच दीर्घ आहे. उलट "उंच", "चंद्र" यांत अनुस्वार खणखणीत ऐकू येतो, तिथे २ मात्रा. आणि बोलीतलं "आलं", "गेलं" मधलं "लं" आपण ओढून म्हणतो, ते २ धरायचं. दुसरं म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ. कवी वृत्तासाठी "करुनि" लिहितो आणि पुढच्या आवृत्तीत कोणीतरी शुद्धलेखन सुधारून "करुनी" करतो, झाली एक मात्रा जास्त. त्यामुळे एखाद्याच ओळीत नेमकी एक मात्रा जास्त येत असेल तर शेवटी वेलांटी असलेला शब्द आधी पकडा. शक्य असेल तर जुनी आवृत्ती बघा. आणि याच्या उलट, लेखकाने मुद्दाम "आणि" ऐवजी "अन्", "त्यास" ऐवजी "तयास" लिहिलं असेल तर खूश व्हा, तो तुम्हाला सांगतोय की इथे मी मोजत होतो.

अनुवादित कादंबरीचं थोडक्यात. अनुवादकाने गाणं मराठी वृत्तात नव्याने रचलं असेल तर मराठीच मोजा, मूळ विसरा. नुसता अर्थ उतरवला असेल तर कितीही मोजलंत तरी ताल सापडणार नाही, तिथे मूळ गाणं काढून बघावं लागतं. मूळ इंग्रजी असेल तर तिथे मात्रा नाही, आघात मोजायचे. त्यांच्या कथागीतांचा नेहमीचा साचा आघातांत ४-३-४-३ असतो, त्यालाच स्तोत्रांच्या पुस्तकात अक्षरांच्या हिशोबाने ८.६.८.६ लिहितात, आणि त्या आकड्याची कुठलीही चाल त्या आकड्याच्या कुठल्याही शब्दांना लावता येते. आपल्या संगीत नाटकांच्या छापील प्रतीत पदाच्या डोक्यावर "चाल अमुक" असं लिहिलेलं असतं ना, साधारण तोच व्यवहार. तीन आघातांच्या ओळीत चौथा आघात मुका असतो, गाताना तो मनात मोजायचा, आपल्या त्या दोन रिकाम्या मात्रांसारखाच.

आणि हेही सांगून ठेवतो की कधीकधी ताल नसतोच. आकडे १३, ९, १७, ११ असे आले, मात्रांतही नाही आणि अक्षरांतही नाही, उठाव सरकवून बघितला, जुनी आवृत्ती बघितली, तरी नाही, तर ते मुक्त आहे. त्याला ठेका लावायचा हट्ट करू नका, मागे एक षड्ज (सा) धरून बोलल्यासारखं गाऊ दे. मला तर असं गाणं वाईट तालातल्या गाण्यापेक्षा शंभर पटीने बरं वाटतं.

आता राहिल्या त्या खुणा केलेल्या जागा, जिथे आकडा चुकला. चूक तीन जणांपैकी एकाची असते: कवीची, छापणाऱ्याची किंवा पात्राची. कवीची चूक सहसा मधल्या कडव्यात असते, यमक जुळवताना हात आखडलेला असतो, आणि ती एक-दोन मात्रांची असते, गाताना सांभाळून घ्यायची, बोभाटा करायचा नाही. छापणाऱ्याची चूक बहुतेक एका अक्षराची किंवा वेलांटीची असते आणि तिला अर्थाशी देणंघेणं नसतं. पात्राची चूक मात्र वेगळी दिसते. गाणारा दारू प्यायलाय, लहान मूल शब्द विसरलंय, कोणीतरी मध्येच बोललंय, हुंदका आलाय. ती कथेच्या वळणावर येते, आणि तिची लांबी बहुतेक एका अख्ख्या शब्दाएवढी असते.

तुमच्या शेवटच्या प्रकरणातली तोकडी ओळ माझ्या साच्यात मांडली तर अशी होते:

दूर तिथे त्या काठावरती वात जळते गं

मोजा. ८, ८, मग "वात" ३, "जळते" ४, "गं" २, म्हणजे ९. हव्या होत्या १४. कमी किती? ५. आणि पहिल्या वेळी तिथे जो शब्द होता तो किती मात्रांचा? "दिव्याची", १-२-२, बरोबर ५. एक मात्रा नाही, वेलांटी नाही, अख्खा शब्द गेलाय, आणि तो पण कुठला, दिवा. तुम्हीच लिहिलंय की त्या प्रकरणापर्यंत काठावरचं घर रिकामं झालेलं असतं. मला तरी ही छपाईची चूक वाटत नाही.

त्यामुळे ओळ भरू नका. "वात" आणि "जळते" जवळ ओढून ओळ आखूड पण करू नका, कारण मग ऐकणाऱ्याला काही गेल्याचं कळणारच नाही. पहिल्या वेळी आठ मात्रांचा झुला ऐकणाऱ्याच्या कानात इतका पक्का बसवा की त्याला पुढचं अक्षर कुठे पडणार ते माहीत असेल. मग शेवटच्या वेळी "वात" म्हणायचं, तीन मात्रा, आणि पाच मात्रा नुसत्या जाऊ द्यायच्या, ठेका चालू, तोंड बंद, आणि "जळते" बरोबर पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, जिथे ते आधीही होतं. तबलजीला बजावून ठेवा की त्या पाच मात्रांत एकही जास्तीचा बोल वाजवायचा नाही, रिकामी जागा दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. तबला नसेल आणि नुसता वल्ह्याचा आवाज असेल तर अजून चांगलं, तो तर आवर्तनाच्या पहिल्याच मात्रेवर असतो, मध्ये शांतताच आहे. गाणाऱ्या मुलीला तालमीत सुरुवातीला तो शब्द मनात म्हणायला लावा, ओठ न हलवता, म्हणजे ती पाच मात्रा घाईने संपवणार नाही.